माशा मारणारा गवई

मराठी मध्यमवर्गीय घरात शीळ घालायला बंदी आहे. ही बंदी कोणी घातली आणि कधी घातली याची नोंद कुठल्याही गॅझेटियरात नाही; पण ती मोडायची कोणाची छाती होत नाही. घरात शीळ घातली की म्हणे साप येतो. संध्याकाळी घातली तर लक्ष्मी जाते. आणि साप यायच्या किंवा लक्ष्मी जायच्या आत तीर्थरूप येतात, ते वेगळंच. मुलगा शीळ घालायला लागला की तो वाया गेला असं धरून चालायचं. मुलीनं घातली तर मग विचारूच नका. नाट्यगृहात शीळ घालणारा पिटातला, सिनेमाच्या थिएटरात शीळ घालणारा त्याहून खालचा, आणि रस्त्यावर घालणारा तर पोलिसात द्यायच्याच लायकीचा.

अशा या शीळद्वेष्ट्या समाजाच्या उशाशी, सह्याद्रीच्या ओढ्याकाठी, एक पक्षी हजारो वर्षं भल्या पहाटे उठून बिनदिक्कत शीळ घालत बसलेला आहे. अंगानं साळुंकीहून थोडा थोराड, रंगानं काळासावळा. उन्हाची तिरीप पडली की कपाळावर आणि खांद्यावर मोरपिशी निळं काहीतरी चमकतं, नाही पडली तर कावळ्याचा दूरचा नातेवाईक वाटावा. मराठीत त्याला शीळकरी कस्तूर म्हणतात. सुतारकाम करतो तो सुतार, हिशेब करतो तो कारकून, तसा शीळ करतो तो शीळकरी. व्यवसायावरून नाव पडण्याची आपली पद्धत जुनीच आहे.

नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं आठवतात, चिवडा आठवतो, मिसळ आठवते आणि पापं फार झाली असली तर रामकुंड आठवतं. कस्तूर कोणालाच आठवत नाही. नाशिक शहरातल्या माणसाला तो ठाऊक नसला तर त्यात त्याचाही दोष नाही. आमचा जिल्हा म्हणजे पावसाच्या बाबतीत दोन निराळ्या संस्थानांसारखा. शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पश्चिमेला इगतपुरीत जा, तर तोच आकडा ३००० च्या पुढे जातो. पूर्वेकडे येवला-सिन्नरला माणूस आभाळाकडे बघत बसतो आणि पश्चिमेकडे त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाण्याला छत्री उलटी होऊ नये म्हणून देवाचा धावा करतो. आमचा गवई अर्थातच पश्चिमेचा. त्याला डोंगर पाहिजे, गर्द झाडी पाहिजे आणि दगडांवरून खळखळणारं पाणी पाहिजे. त्याची बैठक बसते ती ओढ्यातल्या शेवाळलेल्या धोंड्यावर. घरटं असतं ते धबधब्याशेजारच्या कपारीत, नाहीतर एखाद्या ओस पडलेल्या बंगल्याच्या वळचणीला. जेवण म्हणाल तर खेकडे, बेडूक, गांडुळं, किडे आणि तोंडी लावायला रानफळं. थोडक्यात, कोकणस्थाच्या घरी राहून घाटावरचा खुराक.

गाणं मात्र अस्सल. त्याला ना सम, ना ताल. एखादं पोर हातात पाटी घेऊन शाळेला निघालंय, पण पोचायची बिलकूल घाई नाही. वाटेत मनाला येईल तशी शीळ घालतंय, मध्येच सूर चढवतंय, मध्येच विसरतंय, मग भलत्याच सुरावर उडी मारतंय, असं ते गाणं. साहेबलोकांनी हे ऐकलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘व्हिसलिंग स्कूलबॉय’. काहींनी त्याला ‘आयडल स्कूलबॉय’ म्हणजे उनाड शाळकरी पोरगा म्हटलं. साहेबाच्या देशात शीळ घालणाऱ्या पोरावर पक्ष्याचं नाव ठेवतात. आमच्याकडे त्या पोराच्या पाठीवर वळ ठेवत असत.

हे शब्दशः खरं आहे याचा पुरावा माझ्यापाशी आहे. आमचे एक शेजारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. एका जूनमध्ये आम्ही चार घरची मंडळी त्र्यंबकच्या पुढे मुक्कामाला गेलो होतो. पहाटे अंधारात ओढ्याच्या बाजूनं शीळ ऐकू आली. अगदी माणसाची. शेजारी ताडकन उठले, बॅटरी घेतली, व्हरांड्यात आले आणि पस्तीस वर्षं कारकुनांवर चालवलेल्या आवाजात ओरडले, “कोण आहे रे तिकडे? आयाबहिणी झोपल्यात इथं, कळत नाही?” शीळ क्षणभर थांबली. मग आणखी वरच्या पट्टीत सुरू झाली. एखाद्या हाताखालच्या माणसानं आपल्याला असं प्रत्युत्तर दिल्याचं शेजाऱ्यांच्या नोकरीत प्रथमच घडत होतं. उजाडल्यावर तो आरोपी धोंड्यावर बसलेला दिसला तेव्हा ते म्हणाले, “पक्षी आहे होय! मग घालू दे.” माणसाला नाही ती सवलत पक्ष्याला मिळाली, एवढं नोंदवून ठेवतो.

आता या पोराच्या जन्मदाखल्याकडे वळू. दाखला म्हणजे शास्त्रीय नाव, आणि त्यात जी भानगड आहे ती आपल्याकडच्या तलाठी कार्यालयालाही जमली नसती.

१८२२ साली हॉलंडमधल्या लायडनच्या टेमिंक नावाच्या पंडितानं या कस्तुराच्या जावा बेटातल्या भाऊबंदांसाठी एक नवं कुळ काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मायोफोनस’. हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ माशा मारणारा. वाचकहो, आपल्या भाषेत माशा मारणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. टेमिंकला मराठी येत नव्हतं. ‘आयडल स्कूलबॉय’ म्हणणाऱ्या साहेबानं टेमिंकला विचारून नाव ठेवलं असेल असंही वाटत नाही. पण एकानं लायडनमध्ये बसून याला माशा मारणारा म्हणावं आणि दुसऱ्यानं सह्याद्रीत उभं राहून उनाड म्हणावं, यापेक्षा एकमत ते काय असतं? पत्रिका जुळतात त्या अशा.

पुढे १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचे पहिले सचिव व्हिगर्स यांनी आपल्याकडच्या पक्ष्याचं बारसं केलं. घुगऱ्या कोणी खाल्ल्या ठाऊक नाही, पण नाव ठेवलं ‘हॉर्सफील्डी’. हे हॉर्सफील्ड जन्मानं अमेरिकन, पेशानं डॉक्टर. त्यांच्या उमेदीची वर्षं गेली जावा बेटात, तिथली झाडं, प्राणी, पक्षी गोळा करण्यात. नंतर ते लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयाचे प्रमुख झाले. म्हणजे हिशेब असा: पक्षी सह्याद्रीचा, कुळाचं नाव ग्रीक, ते ठेवणारा डच, जातीचं नाव जावात राहिलेल्या अमेरिकन डॉक्टरचं, ते ठेवणारा आयरिश. आणि इंग्रजी नावाला पुढे चिकटला ‘मलबार’. तो मलबारात आहे हे खरं. पण उत्तरेला सुरतेजवळच्या डांगापर्यंत आहे, सातपुड्यात आहे, पूर्व घाटाच्या काही भागात आहे. आमच्या पेठ-सुरगाण्याच्या मांडीला मांडी लावून डांग बसलंय. तिथल्या माणसाला तुम्ही मलबारी म्हणून पाहा, काय होतं ते. पक्षी बिचारा काही बोलत नाही. शीळ घालतो.

त्या काळी साहेबाला मोजायचं वेड होतं. जमीन मोजून झाली, माणसं मोजून झाली, मग पक्षी. कर्नल साइक्स नावाचे एक गृहस्थ मुंबई सरकारचे आकडेगोळा अधिकारी होते. दख्खनमध्ये हिंडून त्यांनी पिकं, लोक, मासे, किडे, पाखरं, जे हलेल ते आणि जे हलणार नाही तेही लिहून काढलं. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ साली छापून आली. असा माणूस वाया जात नाही. पुढे ते खुद्द ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष झाले. याद्या करणाऱ्यांचा उत्कर्ष होतो हे आपल्या सरकारी खात्यांत आजही दिसतंच.

पण याद्या करणाऱ्यांचे शिरोमणी म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तेच. शाळेत आपण ‘काँग्रेसचे संस्थापक कोण?’ या प्रश्नाला दोन मार्कांसाठी लिहीत होतो ते. या ह्यूमसाहेबांचं पहिलं प्रेम पक्षी. १८७२-७३ पासून त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ म्हणजे ‘विखुरलेली पिसं’ या नावाचं एक नियतकालिक चालवलं, पदरमोड करून. देशभरचे कलेक्टर, इंजिनियर, डॉक्टर त्यांना पक्ष्यांच्या हकिकती लिहून पाठवीत. त्यातच १८७८ साली डेव्हिडसन आणि वेंडेन या दोघांनी दख्खनच्या पक्ष्यांवर लेख लिहिला. हपिसातला अर्धा वेळ पाखरांच्या मागे घालवूनही राज्य कसं चालत होतं, हा प्रश्न कोणी विचारू नये. पूर्ण वेळ फायलींच्या मागे घालवूनही ते चालत नाही, हे आपण पाहिलंय.

ह्यूमना भारताच्या पक्ष्यांचा एक प्रचंड ग्रंथ लिहायचा होता. पंचवीस वर्षांची टिपणं सिमल्याच्या बंगल्यात रचून ठेवली होती. १८८४ च्या सुमारास ते हिवाळ्यात मैदानी मुलखात गेले आणि परत येऊन बघतात तो टिपणं गायब. एका नोकरानं ती बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली होती.

इथे आमच्या घरातल्या समस्त पुरुषांच्या वतीनं मी दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. दिवाळीच्या साफसफाईत ज्याची ज्याची कात्रणं, दिवाळी अंक, पत्रं आणि अर्धवट कादंबऱ्या तराजूत गेल्या, त्या प्रत्येकानं ह्यूमची तसबीर घरात लावावी. त्यांनी नंतर काय केलं तेही पाहा. आदळआपट नाही की अबोला नाही. मन उडालं, पक्षी सोडले, ऐंशी हजारांच्या वर नमुने होते ते १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमवून काँग्रेस भरवली. म्हणजे रद्दीवाल्यानं ती टिपणं नाकारली असती तर देशाला पक्ष्यांचा ग्रंथ मिळाला असता. घेतली म्हणून काँग्रेस मिळाली. सौदा बरा झाला की वाईट, हे ज्यानं त्यानं आपापल्या पक्षाप्रमाणे ठरवावं.

ह्यूमनंतरही नावं ठेवण्याचा उद्योग चालूच राहिला. १९३० साली किनियर आणि व्हिसलर या जोडीनं आपल्याकडच्या काळ्या कस्तुराच्या एका पोटजातीला ‘मराठेन्सिस’ असं नाव दिलं. मराठी पक्षी म्हणून अधिकृत शिक्का बसला याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. अजून त्याचा पुतळा कसा उभा राहिला नाही याचं मात्र नवल वाटतं. या जोडीतले ह्यू व्हिसलर हे पंजाबात पोलीस अधिकारी होते. व्हिसलर म्हणजे शीळ घालणारा! नावात शीळ, कमरेला पोलिसाची शिट्टी आणि छंद पाखरांचा. एवढं सगळं जुळून आलेलं असताना त्यांच्या हातून नाव मिळावं ते शीळकरी कस्तुराला नाही, तर त्याच्या शेजाऱ्याला. नियती म्हणतात ती हीच.

मग आले सालिम अली. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत वाढलेला हा मुंबईकर. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं आणि पाखरं साहेबाच्या बंगल्यातून उतरून सामान्य माणसाच्या दुर्बिणीत आली. मराठीपुरतं पाहायचं तर मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी नोकरीची वर्षं जंगलात काढली आणि पाखरांची देशी नावं ‘पक्षिकोशा’त वेचून ठेवली. ज्याला नाव नाही त्याची चौकशी कोण करणार? रेशनकार्डाच्या रांगेत उभा राहिलेल्या कोणालाही हे पटेल.

एवढं होईस्तोवर कस्तुराच्या कुळाबद्दल कोणाला शंका नव्हती. पक्ष्यांचं एक मोठं घराणं आहे, थ्रश म्हणजे कस्तुरांचं. काळा कस्तूर त्यातला, नारिंगी डोक्याचा कस्तूर त्यातला आणि आपला शीळकरीही त्यातलाच, असं सगळे मानून चालले होते. ठेवण सारखी, चालणं सारखं, गाणं गोड; आणखी काय पाहिजे? लग्नं याहून कमी पुराव्यावर ठरतात.

पण मग डीएनए आला. पूर्वी नुसतं नाक बघून ‘अगदी आजोबांवर गेलाय’ म्हणत. आता पेशीत शिरून बघतात आणि भलतंच काहीतरी सांगतात. २०१० साली या पक्ष्यांच्या जनुकांचे अभ्यास प्रसिद्ध झाले आणि निकाल लागला: शीळकरी कस्तूर हा कस्तूरच नव्हे! तो माशीमार पक्ष्यांच्या घराण्यातला. त्याच्याबरोबर आपल्या अंगणातला दयाळही त्याच घराण्यात सामील झाला. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ एका घरच्या पंगतीला बसलेल्या माणसाला कोणीतरी येऊन सांगावं की बाबा, तुझं पान इथं नाही, शेजारच्या मांडवात आहे. दुसरा कोणी असता तर कोर्टात गेला असता.

आता गंमत बघा. टेमिंकनं १८२२ साली ठेवलेलं नाव काय होतं? माशा मारणारा. आणि १८८ वर्षं कस्तूर म्हणवून घेतल्यावर निकाल काय लागला? माशीमार. म्हणजे ज्याला आपण उनाड समजत होतो तो इतकी वर्षं इमानेइतबारे घरचाच धंदा करत होता! यापुढे एखादा मुलगा माशा मारतोय असं दिसलं तर आईबापांनी घाई करू नये. निकाल लागायला वेळ लागतो. मराठीत अजून आपण त्याला कस्तूरच म्हणतो आणि म्हणत राहू. आपल्याकडे कुलकर्णीपण गेलं म्हणून कोणी कुलकर्ण्यांचं आडनाव काढून घेतलं नाही.

राहता राहिला त्याच्या प्रकृतीचा प्रश्न. जगातल्या प्राणिमात्रांची प्रकृती तपासणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९४८ साली स्थापन झालेली. ती एक लाल यादी ठेवते. त्यात कोण अत्यवस्थ, कोण धोक्यात, कोण गेलाच, हे लिहिलेलं असतं. आपला शीळकरी त्यात ‘किमान चिंता’ या वर्गात मोडतो. म्हणजे डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. पूर्वी लोक त्याला पिंजऱ्यात पाळत. पिल्लू असताना धरलं तर अख्खी चाल शीळेवर शिकतो म्हणून त्याला भाव होता. ते आता बंद झालंय. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या यांमुळे रानातला देशी पक्षी धरून विकणं हा गुन्हा आहे. तेव्हा त्याचं बरं चाललंय असं म्हणायला हरकत नाही.

‘काळजीचं कारण नाही’ हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळ वेळा ऐकलंय, आणि ते ऐकलं की मला काळजी वाटायला लागते. यादी सगळ्या देशाची असते. सह्याद्रीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिळून कस्तूर पुष्कळ आहेत, हे बरोबर. पण कस्तूर राहतो यादीत नव्हे, ओढ्यात. एक जोडपं आपला ओढा धरून असतं आणि सहसा तो सोडत नाही. तो ओढा आटला, पाइपात घातला, फार्महाऊसच्या कंपाउंडात गेला, की देशाच्या आकड्यात काही फरक पडत नाही. त्या ओढ्यावरची पहाट मात्र मुकी होते. वाडीतली एक म्हातारी सुटल्यासारखी नेमाने एक गाणं म्हणते. ती गेली म्हणून राज्याची लोकसंख्या हलत नाही. वाडीला कळतं.

त्र्यंबकच्या बाजूला लाकडं गोळा करणाऱ्या एका पोराला मी विचारलं होतं की हा पक्षी बारा महिने गातो का. तो म्हणाला, “नाही जी. पाणी लागलं का गातो. पाणी बोलायला लागलं का तो पण बोलतो.” पुस्तकात हीच गोष्ट लिहिलेली आहे, फक्त जास्त जागा घेऊन: वीण मुख्यतः पावसाळ्यात, गायन फेब्रुवारी ते ऑगस्ट, त्यातही पावसात भरात, एरवी नुसती एक कर्कश हाक.

आणि पाण्याच्या बाबतीत आमचं नाशिक म्हणजे घागर उताणी. जिच्या पात्राला दक्षिणेची गंगा म्हणतात ती गोदावरी ब्रह्मगिरीवर, याच कस्तुराच्या आवाजाच्या टप्प्यात, जन्म घेते. खाली शहरात येईपर्यंत आम्ही तिच्या तळाला काँक्रीट घातलं, मग काही वर्षांनी ते काँक्रीट फोडायला हवं म्हणून भांडण केलं. वर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर पोखरल्याच्या तक्रारी झाल्या. शेजारच्या अंजनेरीवर रस्ता आणि रोपवे यांच्या योजना निघाल्या आणि पक्षीमित्रांनी त्यांना विरोध केला. हनुमानाचा जन्म जिथं झाला असं आपण मानतो, तिथं पोचायला भक्तांना रोपवे हवा! हनुमंतानं समुद्र कसा ओलांडला होता याची आठवण कोणालाच नाही.

याच त्र्यंबकात १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. तो मूकपट होता. सगळी बोलणारी माणसं पडद्यावर मुकी करून दाखवली आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. पण तो मूकपट आवाज नसल्यामुळे मूक होता; यंत्र आलं तेव्हा बोलू लागला. ओढ्यांचं उलटं आहे. यंत्र आलं की ते मुके होतात, आणि त्यांना पुन्हा बोलतं करायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

म्हणून मी आता एक छोटंसं काम हाती घेतलंय. मोर्चा नाही, निवेदन नाही. ती करणारी खमकी माणसं नाशकात आहेत आणि त्यांच्या मागे उभं राहायला मी कधीही तयार आहे. माझं काम हिशेबनीस शेजाऱ्यांनी लावून दिलंय. निवृत्तीनंतर त्यांना काहीतरी टॅली केल्याशिवाय जेवण जात नाही. त्यांनी एक वही घातली आहे. त्यात आम्ही जातो त्या ओढ्यांची नावं आहेत आणि पुढे रकाने: कोणत्या साली, कोणत्या आठवड्यात पहिली शीळ ऐकू आली. सध्या सात ओढे आहेत. सहांपुढे तारखा पडतात. सातव्याच्या वर गेल्या साली बांधकाम सुरू झालं आणि त्याचा रकाना यंदा कोरा आहे.

मी म्हटलं, “काट मारू या का?” शेजारी हिशेबाला कडक. म्हणाले, “काट कशाला? येणं बाकी आहे असं लिहा.”

वही मी आमच्या घरात ठेवलेली नाही. दिवाळी जवळ आली आहे आणि घरात साफसफाई निघाली आहे.